कांद्याचा भाव बघून गेम ठरवू नका

लासलगावजवळच्या एका कांदा व्यापाऱ्याचं पत्र आलं आहे. मुलगा बारावी सायन्सला आहे आणि त्याला व्हिडिओ गेम बनवायचे आहेत. वडील लिहितात: "माझा विरोध नाही. मी स्वतः चाळीस गेमची यादी केली. विक्री, प्रकार, समीक्षकांच्या मतांची सरासरी देणाऱ्या मेटाक्रिटिक साइटचे शंभरपैकी गुण, सगळं लिहिलं. शूटर, म्हणजे गोळीबाराचे गेम, चालतात असं दिसलं. त्याला सांगितलं, जे चालतं ते शिक, ८५च्या खालचं काही बनवू नकोस. त्याने युनिटी या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक छोटा गेम केला होता. दिवे गेलेल्या वाड्यात कंदील घेऊन फिरायचं, तेल संपत जातं. इच डॉट आयओ या गेम टाकायच्या साइटवर चौघांनी ५, ४, १, १ असे स्टार दिले, म्हणून तो बंद करायला लावला. हल्ली घरात फारसा बोलत नाही. इंजिनिअरिंगला घालू की डिझाइनला?"

नमस्कार. तुमचा प्रश्न प्रवेशाचा आहे, पण मी त्याच्या आधीच्याच वाक्यावर थांबलो. मुलगा बोलत नाही. विरोध नाही असं तुम्ही मनापासून लिहिलंय, त्यावर माझा विश्वास आहे. पण त्याने स्वतःहून उभी केलेली पहिली वस्तू तुम्ही चार अनोळखी माणसांच्या शब्दावर बंद केलीत. त्याच्या लेखी हा विरोधच आहे, आणि हातात तक्ता असल्यामुळे त्याला वादही घालता येत नाही.

ते चार आकडे पुन्हा बघा. सरासरी पावणेतीन येते, पण पावणेतीनच्या आसपास एकाचंही मत नाही. दोघांना गेम आवडला, दोघांना अजिबात नाही. असं दिसलं की आधी विचारायचं, त्या दोघांकडे गेम उघडला का? युनिटीचा विंडोजवरचा गेम म्हणजे एक ईएक्सई फाइल आणि तिच्या शेजारी डेटा नावाचं फोल्डर. झिप न सोडवता आतल्या ईएक्सईवर क्लिक केलं की फोल्डर सापडत नाही आणि गेम सुरूच होत नाही. वैतागलेला माणूस एक स्टार देऊन जातो. इथे हेच झालं असेल असं मी म्हणत नाही, पण वाड्याला दोष देण्याआधी हे तपासायला हवं होतं. गेमच्या पानावर "आधी झिप एक्स्ट्रॅक्ट करा" एवढी ओळ टाकायला मिनिटभर लागतं.

आता ८५ची अट. ही अट खऱ्या उद्योगातही लागली आहे. 'फॉलआउट: न्यू वेगास' २०१०मध्ये आला. तो बनवणाऱ्या ऑब्सिडियनला मेटाक्रिटिकवर ८५ मिळाले तर बोनस, असं ठरलेलं होतं. मिळाले ८४. हे कंपनीच्याच एका सहसंस्थापकाने २०१२मध्ये जाहीर सांगितलं. सुरुवातीला त्या गेममध्ये बग खूप होते आणि समीक्षकांनी त्याबद्दल बोल लावले, ते रास्तच होतं. पण आज लोक त्याचं नाव काढतात ते त्यातल्या लिखाणासाठी आणि खेळणाऱ्याला मिळणाऱ्या निवडींसाठी. गुण मिळतात ते गेम बाजारात येतो त्या सुमाराच्या अवस्थेला. शिवाय मेटाक्रिटिकची सरासरी भारित असते आणि कोणत्या समीक्षकाला किती वजन, हे ते उघड करत नाहीत. अशा आकड्यावर पैसे टांगले की बनवणारा आधी काय छाटतो? ज्यावर मतं फाटतील ते. तुमच्या मुलाच्या गेममध्ये मतं फाटणारी गोष्ट म्हणजे ते संपत जाणारं तेल, आणि माझ्या मते त्या गेममध्ये त्याचं स्वतःचं असं तेच आहे.

बाजाराचं तर तुम्हाला मी काय सांगावं. गेल्या वर्षीचा भाव बघून सगळ्यांनी कांदा लावला की पुढे आवक वाढून काय होतं, हे तुम्ही दर हंगामात लिलावात बघता. कांदा निदान काही महिन्यांत हाती येतो. मोठ्या गेमला कित्येक वर्षं लागतात. २०१६मध्ये 'ओव्हरवॉच' हा शूटर गाजला, मग त्या वाटेने बरेच जण गेले. सोनीचा तसाच शूटर 'कॉनकॉर्ड' २३ ऑगस्ट २०२४ला आला आणि ६ सप्टेंबरला बंद झाला, घेणाऱ्यांना पैसे परत द्यावे लागले. उलट पुण्याच्या नॉडिंग हेड्सच्या 'राजी' या गेमसाठी २०१७मध्ये किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या साइटवर पैसेसुद्धा जमले नव्हते. २०२०मध्ये तो गेम आला आणि द गेम अवॉर्ड्समध्ये पदार्पणाच्या गटात त्याला नामांकन मिळालं.

प्रवेशाचं थोडक्यात: कोडिंगमध्ये रमत असेल तर एमएचटी-सीईटी किंवा जेईईने कॉम्प्युटर; चित्रात आणि रचनेत रमत असेल तर यूसीड किंवा एनआयडीची डॅट या डिझाइनच्या प्रवेशपरीक्षा. कोणत्याही वाटेने गेम बनवता येतात. कुठे रमतो, हे त्याला विचारा. तुमच्या पत्रात ते कुठेच नाही.

तुमच्या तक्त्यापेक्षा उपयोगाचा डेटा घरीच मिळेल. बंद केलेला गेम त्याला पुन्हा उघडू द्या, बोर्डाच्या परीक्षेपर्यंत रविवारचे दोन तास पुरे. गेम न पाहिलेली पाच माणसं बोलवायची, प्रत्येकी पंधरा मिनिटं. त्याने मागे बसायचं, तोंड उघडायचं नाही, मदत करायची नाही. कुठे अडले, तेल कुठे संपलं, कितव्या मिनिटाला हात काढला, एवढंच वहीत टिपायचं. "आवडला का?" विचारू नये, लोक भिडेखातर हो म्हणतात. पाचातले तिघे एकाच दारापाशी अडले तर दोष दाराचा. तेवढंच दुरुस्त करून नवी पाच माणसं बोलवायची.

त्या पाचात तुम्ही बसू नका. तो पडद्याऐवजी तुमच्या चेहऱ्याकडे बघत राहील. दुरुस्ती झाली की मग त्याच्याकडून गेम मागून घ्या, आणि तक्ता मिटून खेळा.