बुश घरी बदलले, वर्षात फाटले

प्रश्न : गाडीच्या पुढच्या लोअर आर्मचे (चाकाला बॉडीशी जोडणारा खालचा दांडा) रबरी बुश, म्हणजे आर्म बॉडीला जोडतो तिथले रबर, मी घरीच बदलले. जुने पार चिरले होते, स्पीडब्रेकरवर खट्ट असा आवाज यायचा आणि ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढायची. नवीन टाकल्यावर मस्त चालली, पण वर्ष व्हायच्या आत परत तोच आवाज, खाली वाकून बघितलं तर रबर फाटलंय! बुश ओरिजिनलच होते. माल खराब की माझं काही चुकलं? आणि आता पॉलियुरेथेनचे (रबरापेक्षा कडक प्लास्टिकसारखे) टाकू का?

उत्तर : माल खराब निघूही शकतो, पण आधी एक आठवून बघा, आर्मचे बोल्ट फायनल आवळले तेव्हा गाडी चाकांवर उभी होती की जॅकवर? पत्रात तुम्ही ते लिहिलं नाहीये, आणि माझा सगळा संशय तिथेच आहे.

कसंय, या बुशमध्ये मधोमध एक लोखंडी नळी असते आणि रबर तिला पक्कं चिकटवलेलं असतं. बोल्ट आवळला की ती नळी जागच्या जागी जाम होते, फिरत नाही, आर्म वरखाली होतो तो रबराला पीळ देऊनच. आता गाडी वर, चाक लोंबकळतंय आणि तशातच बोल्ट करकचून आवळला, की ती लोंबकळलेली स्थिती रबराची 'सरळ' स्थिती ठरते, मग गाडी खाली आली रे आली की रबर पिळलं जातं आणि नुसती पार्क केलेली असली तरी पिळलेलंच राहतं, वर प्रत्येक खड्ड्याला अजून पीळ. किती दिवस टिकणार ते!

म्हणून काम सुरू करायच्या आधी, गाडी सपाट जागी उभी असताना, चाकाच्या मध्यापासून वर फेंडरच्या कडेपर्यंत टेपने माप घेऊन लिहून ठेवा. आर्म बसवताना बोल्ट नुसते हलके लावायचे. मग बॉल जॉइंटच्या, म्हणजे चाकाकडच्या टोकाच्या, बाजूने आर्मखाली जॅक लावून तेच माप येईपर्यंत हळूहळू उचलायचं आणि तेव्हाच मॅन्युअलमधल्या आकड्याला टॉर्क पान्याने (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) आवळायचं. उचलताना गाडी ज्यांवर टेकवलीय त्या स्टँडवर लक्ष ठेवा, बॉडी स्टँडवरून सुटायला लागली तर तिथेच थांबा.

दुसरा संशय दिशेचा. काही बुशच्या रबरात मुद्दाम पोकळ्या ठेवलेल्या असतात, त्या ठरलेल्या दिशेलाच यायला हव्यात, नाहीतर रबर भलत्याच बाजूने ताणलं जातं. जुना बुश काढायच्या आधी आर्मवर रंगाने खूण करा. बसवायला प्रेस नसेल तर आट्यांचा लांब रॉड, जाड वॉशर आणि योग्य मापाचा पाइपचा तुकडा घेऊन नट फिरवत ओढून घ्या, हातोडी नको, कडा वाकते आणि बुश तिरका जातो. सरकायला साबणाचं पाणी चालतं, ऑइल किंवा साधं ग्रीस अजिबात नको, रबर फुगतं. आणि जुनं रबर जाळून काढायचा प्रकार तर करूच नका, धूर विषारी असतो.

पॉलियुरेथेनचं म्हणाल तर त्यात नळी सहसा बुशच्या आत फिरते, त्यामुळे हा पिळाचा त्रास नाही, पण सिलिकॉन ग्रीस लागतं, ते सुकलं की करकर सुरू, आणि रस्त्याचे हादरे जास्त आत येतात. रोजच्या गाडीला मी रबरच टाकेन.

दोन्ही बाजूंचे बुश एकदमच बदला आणि नंतर व्हील अलाइनमेंट (चाकांचे कोन जुळवणं) करून घ्या, नाहीतर टायर एका कडेने झिजत बसतील.

हे वाचून दुसरं कोणी करायला घेणार असेल तर एक बघाच, स्प्रिंग थेट लोअर आर्मवर टेकलेली असेल तर घरी हात लावू नका. ती दाबलेली असते, आर्म सुटला की जोरात उसळून बाहेर येते, जिवावर बेतू शकतं. असं काम गॅरेजलाच द्या.