सराव संपल्यावर घरी न जाणारा मुलगा

प्रश्न : नोकरी सांभाळून गेली सहा वर्षे मी दहा ते तेरा वयोगटातील मुलांना फुटबॉल शिकवतो. माझ्या संघात अकरा वर्षांचा एक मुलगा आहे. सराव संपला की बाकीची मुले बॅगा उचलून पळतात. हा मात्र बुटाची नाडी सोडतो, बांधतो, पुन्हा सोडतो आणि मैदानावर कोणी उरले नाही की नाइलाजाने उठतो. घरी वडील त्याला आणि आईला मारतात, हे त्याने एकदा तुटक शब्दांत सांगितले. कोणी मोठ्याने ओरडले की तो एकतर जागच्या जागी गोठतो किंवा अंगावर धावून जातो. गेल्या महिन्यात रेफ्रीला ढकलल्यामुळे त्याला मैदानाबाहेर जावे लागले. खेळ बरा आहे, असामान्य नाही. सहकारी म्हणतात की एकामुळे सगळा संघ बिघडेल, त्याला काढून टाका. इयान राइट या खेळाडूला एका शिक्षकाने सावरले असे ऐकून आहे. मी काही समुपदेशक नाही. माझ्यासारख्याला असे काही करता येते का, की हा नुसता भाबडेपणा आहे?
— एक हौशी प्रशिक्षक

उत्तर : त्याला संघातून काढू नका, हे आधी सांगते, बाकीचे मग.

राइट यांचा विषय तुम्ही काढलाच आहे, तर तो नीट पाहू, कारण ही हकिगत सांगताना बहुतेक जण तिचा मधला भाग गाळतात. 1963 साली लंडनमध्ये जन्मलेल्या राइट यांच्या घरात सावत्र वडिलांची दहशत होती. टीव्हीवर फुटबॉलचा कार्यक्रम लागला की त्यांना भिंतीकडे तोंड करून उभे राहावे लागे, म्हणजे प्रेक्षकांचा आवाज कानावर पडायचा, पण चेंडू दिसायचा नाही. आईला मारहाण होत असताना मोठा भाऊ धाकट्याच्या कानांवर हात दाबून धरी. असा मुलगा शाळेत शांत कसा बसणार? तो वारंवार वर्गाबाहेर काढला जाई, आणि तिथेच, कॉरिडॉरमध्ये उभा असलेला, तो सिडनी पिग्डेन या शिक्षकांच्या नजरेस पडला. त्यांनी त्याला जवळ बसवून लिहायला-वाचायला शिकवले आणि वर्गावर्गांतून हजेरीपत्रके गोळा करून आणण्याचे काम त्याच्यावर सोपवले. काम तसे क्षुल्लकच. पण कालपर्यंत ज्याला दाराबाहेर उभे केले जात होते, तोच आता प्रत्येक वर्गाचे दार वाजवून हक्काने आत जात होता.

मैदानावरही पिग्डेन यांची पद्धत अशीच होती. हा मुलगा चेंडू जीव खाऊन हाणायचा. त्यांनी त्याला जिमी ग्रीव्ह्ज या स्ट्रायकरचे उदाहरण दिले : गोल करताना चेंडू जोरात मारायचा नसतो, पास दिल्यासारखा हलकेच जाळ्यात ठेवायचा असतो. मला यात मोठे शहाणपण दिसते. 'राग आवर' असा उपदेश करण्याची गरजच त्यामुळे उरली नाही, कारण चेंडू कोपऱ्यात ठेवायचा तर मान वर करून गोलरक्षक कुठे आहे ते पाहावे लागते, आणि पाहायचे तर क्षणभर थांबावे लागते.

आता गाळला जाणारा भाग. पिग्डेन यांच्यानंतर सगळे सुरळीत झाले नाही. चाचण्यांमध्ये क्लबांनी राइट यांना नाकारले आणि दंड न भरल्यामुळे त्यांना काही दिवस तुरुंगातही काढावे लागले. क्रिस्टल पॅलेस या व्यावसायिक क्लबने त्यांना 1985 मध्ये घेतले, तेव्हा ते बावीस वर्षांचे होत आले होते. 1991 मध्ये ते आर्सेनलमध्ये गेले, तिथे 185 गोल केले आणि इंग्लंडकडून 33 सामने खेळले. पण हजेरीपत्रके गोळा करण्याचे दिवस आणि पहिला व्यावसायिक करार यांच्यामध्ये एका तपाहून अधिक काळ गेला होता. तेव्हा या हंगामाच्या अखेरीस तुमचा मुलगा निवळलेला दिसला नाही, तर आपले श्रम वाया गेले असे समजू नका.

त्याचा खेळ असामान्य नाही, हे तुम्ही जरा खंतावून लिहिले आहे. त्याने काही बिघडत नाही. मानसशास्त्रज्ञ एमी वर्नर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाईतील काउआई बेटावर 1955 साली जन्मलेल्या 698 मुलांचा अनेक दशके मागोवा घेतला. गरिबी, घरातला कलह, पालकांचे मानसिक आजार अशी अनेक संकटे एकदम वाट्याला आलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुले सक्षम, धीराची माणसे झाली, आणि त्यांच्या आयुष्यात पालकांखेरीज भरवशाचे एखादे मोठे माणूस पुन्हा पुन्हा आढळले. उरलेल्यांपैकीही अनेकांची घडी पुढे तिशी-चाळिशीपर्यंत बसली.

म्हणून त्याला एक काम द्या. सरावानंतर चेंडू मोजणे, हवा तपासणे आणि कमी असेल तिथे पंप मारणे हे त्याच्याकडे सोपवा. ज्या दिवशी तो वाईट वागेल त्या दिवशीही हे काम काढून घेऊ नका. नाडी सोडण्या-बांधण्यात तो जो वेळ काढतो, त्याला असे एक निमित्त मिळेल. रेफ्रीला ढकलल्याची शिक्षा मात्र पूर्ण होऊ द्या : सामना नाही, सराव आहे. त्याच्याशी बोलताना मागून हाक मारू नका, समोर येऊन हळू आवाजात बोला, आणि हा नियम सगळ्या संघासाठी ठेवा म्हणजे तो एकटा वेगळा पडणार नाही.

मारहाणीची गोष्ट तुमच्या एकट्याच्या आवाक्यातली नाही. 'कोणाला सांगणार नाही' असे वचन त्याला देऊ नका. त्याने जे सांगितले ते त्याच्याच शब्दांत तारखेसह लिहून ठेवा आणि शाळेतील जबाबदार व्यक्तीला किंवा बालसंरक्षणाचे काम करणाऱ्या यंत्रणेला विनाविलंब कळवा. वडिलांना जाब विचारायला स्वतः जाऊ नका. त्याची किंमत त्या रात्री मुलगा आणि त्याची आई मोजतील.

आणखी एक, जरा कडू. 2016 मध्ये अँडी वुडवर्ड या माजी खेळाडूने लहानपणी प्रशिक्षकाने केलेल्या लैंगिक अत्याचाराविषयी उघडपणे सांगितले आणि मग अनेक जण पुढे आले. बॅरी बेनेल या त्या प्रशिक्षकाला 2018 मध्ये दीर्घ कारावास झाला. मायेला पारखी झालेली मुले कोणावरही चटकन विश्वास टाकतात, आणि अशी माणसे नेमके तेच हेरतात. तेव्हा चेंडूंची मोजणी दुसऱ्या प्रौढाच्या नजरेसमोर होऊ द्या, आणि खासगी संदेश, एकट्यालाच दिलेल्या भेटवस्तू, एकट्याला गाडीतून सोडणे हे सगळे टाळा. या नियमांनी तुमच्या हेतूवर शंका घेतली जात नाही; मोठ्या माणसाने कसे वागायचे असते, ते त्या मुलाला त्यातून कळते.

प्रश्न : मी एक्केचाळीस वर्षांची आहे. आईवडील दोघेही व्यसनी असलेल्या घरात वाढले. संघाच्या प्रशिक्षक बाईंनी मला तीन वर्षे गोलरक्षक म्हणून उभे केले, सामन्याच्या दिवशी पोटाला काही आहे ना हेही पाहिले. पंधराव्या वर्षी मी काही न सांगता खेळ सोडला. बाई आता सत्तरीच्या पुढे आहेत. इतक्या वर्षांनी पत्र लिहावे का? मी त्यांना आठवेन तरी का?
— एक वाचक

उत्तर : लिहा, आणि याच आठवड्यात लिहा. वरच्या उत्तरातले पिग्डेन हयात नाहीत, असे राइट कित्येक वर्षे धरून चालले होते. एका कार्यक्रमाच्या चित्रीकरणात ते अचानक समोर आले, तेव्हा या नामांकित खेळाडूने शाळकरी मुलासारखी डोक्यावरची टोपी काढली आणि रडू आवरेना म्हणून डोळे पुसले. पिग्डेन हे दुसऱ्या महायुद्धातील वैमानिक. बकिंगहॅम राजवाड्यावरून झालेल्या मानाच्या उड्डाणापेक्षाही तू इंग्लंडकडून खेळलास याचा मला जास्त अभिमान वाटतो, असे ते म्हणाल्याचे राइट यांनी सांगितले आहे. 2017 मध्ये पिग्डेन वारले. ती भेट त्याआधी झाली, हे नशीबच म्हणायचे.

पत्रात 'तुमचे उपकार' वगैरे मोघम लिहू नका. त्यांनी पोटाची चौकशी केली तो एखादा नेमका दिवस लिहा, त्या काय म्हणाल्या, तुम्ही काय उत्तर दिले, ते लिहा. न सांगता गेल्याबद्दल एकच वाक्य पुरे. मुले सरावाला येणे का थांबवतात, हे इतकी वर्षे शिकवलेल्या बाईंना सांगावे लागत नाही. शेवटी लग्नाआधीचे नाव बदलले असेल तर तेही लिहा, आणि त्याखाली संघ, वर्ष व तुमची जागा. चेहरा कदाचित आठवणार नाही, पण तीन वर्षे आपल्या जाळ्यापुढे कोण उभे होते हे प्रशिक्षक सहसा विसरत नाहीत.