मेल पाठवल्याने मुदत थांबत नाही

एसीने घसा कोरडा पडतो म्हणून बेडरूममध्ये ह्युमिडिफायर (हवेत ओलावा सोडणारं यंत्र) लावला, दोन उन्हाळे वापरला. पत्नीचा खोकला हटेना, शेवटी एचआरसीटीत (छातीच्या बारकाईच्या स्कॅनमध्ये) फुप्फुसाला सूज निघाली, असं नागपुरातल्या मानेवाड्याच्या एका वाचकाने कळवलंय. कंपनीकडून भरपाई मागता येईल का, हा त्यांचा प्रश्न. कंपनी गुरुग्रामची. कूलरबद्दल असे प्रश्न दर उन्हाळ्यात येतात.

आजार मशीनमुळेच झाला का, हे छातीच्या डॉक्टरांनी लिहून द्यायचं. मी तुमच्या कागदांतली एकच तारीख बघतो. ‘ह्युमिडिफायरशी संबंध असण्याची शक्यता’ हे डिस्चार्ज कार्डावर ऑगस्ट 2024 मध्ये लिहिलं गेलं. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 69 प्रमाणे तक्रारीला दोन वर्षांची मुदत असते. म्हणजे तुमच्याकडे जेमतेम महिना उरलाय. एवढे दिवस केलंत काय, तर कस्टमर केअरला मेल! ‘तपास सुरू आहे’ असं उत्तर आलं की तुम्ही गप्प. अशा पत्रव्यवहाराने मुदत एका दिवसानेही वाढत नाही.

कंपनीचा वकील आणखी मागे जाईल, खोकला तर 2023 पासूनचा आहे म्हणेल. गोव्याच्या एका बाईंच्या पोटात शस्त्रक्रियेवेळी गॉज (रक्त टिपायचा जाळीदार कपडा) राहिला होता. त्यांनी नऊ वर्षं दुखणं अंगावर काढलं. नुकसान आत दडलेलं असेल तर ते कळल्यापासून मुदत मोजता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये मानलं. पण इतकी वर्षं नीट तपासणी करून घेतली नाही म्हणून बाईंची तक्रार मुदतबाह्यच ठरवली. तेव्हा पहिल्या खोकल्यापासूनची प्रत्येक चिठ्ठी जोडा. विलंबमाफीचा अर्जही द्या. तो मंजूर होईलच असं नाही.

ज्या टाकीला दोन उन्हाळे हात लागला नाही, ती आजार कळल्यावर ब्लीचिंगने घासलीत. धन्य! प्रयोगशाळेला आता काय सापडणार? त्यात पाणी बोअरचं. चुकीच्या वापराचा मुद्दा कंपनी काढणारच. माहितीपत्रकात सफाईची ठळक सूचना नसेल तर उत्पादकाची जबाबदारी सांगणारं कलम 84 कामी येईल, पण ते पत्रक तुम्ही पाठवलेलंच नाही. ह्युमिडिफायरमुळे फुप्फुसाचे आजार झाल्याच्या दक्षिण कोरियाच्या बातमीवर विसंबू नका. तिथे 2011 मध्ये दोष निघाला तो पाण्यात घालायच्या जंतुनाशकाचा, तुमच्याकडे संशय बुरशीवर आहे.

तक्रार नागपूरच्याच जिल्हा ग्राहक आयोगात चालेल, गुरुग्रामला जायची गरज नाही. मशीन पाच लाखांच्या आतलं, म्हणून फीही नाही. चाचणी लागली तर निकाल पाच महिन्यांत द्यावा, असं कायदा म्हणतो. तुम्ही मात्र वर्षं धरून चाला. मशीन होतं तसं पिशवीत बांधून ठेवा आणि याच आठवड्यात वकील गाठा.