मराठी वृत्तवाहिन्यांचे मालक कोण आहेत? आणि सगळ्यांवर दिवसभर एकच बातमी का चालते?

नमस्कार. तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय की तुमच्या गावात आठ दिवस नळाला पाणी नव्हतं, तुम्ही रोज रात्री सगळ्या मराठी वाहिन्या फिरवून पाहिल्या आणि एकीवरही त्याची ओळ दिसली नाही. मी त्या धंद्यात तेरा वर्षं होतो. 2009 ते 2014 सांगलीत स्ट्रिंगर, म्हणजे पगार नसलेला, बातमीमागं पैसे मिळणारा बातमीदार, नंतर 2022 पर्यंत मुंबईत एका वाहिनीच्या असाइनमेंट डेस्कवर, म्हणजे जिल्ह्यांतून बातम्या मागवणाऱ्या टेबलावर. जे सार्वजनिक आहे ते नावानिशी सांगतो. ज्यांच्याकडं काम केलं त्यांचं नाव घेणार नाही.

आधी मालकी. एबीपी माझा कोलकात्याच्या आनंद बाजार पत्रिका समूहाची. ही वाहिनी 2007 मध्ये स्टार माझा म्हणून सुरू झाली. त्या काळी बातम्यांच्या कंपनीत परदेशी भांडवलाला 26 टक्क्यांची मर्यादा होती, म्हणून स्टारनं बहुसंख्य हिस्सा एबीपीकडं ठेवून भागीदारी केली होती. 2012 मध्ये दोघं वेगळे झाले आणि नाव बदललं. झी 24 तास सुभाष चंद्रांच्या झी समूहातली, तीही 2007 ची. सुभाष चंद्रा 2016 ते 2022 राज्यसभेत होते. न्यूज 18 लोकमत आधी आयबीएन लोकमत होती, 2008 मध्ये नेटवर्क 18 आणि लोकमत समूहानं मिळून काढलेली. लोकमतच्या दर्डा कुटुंबातले विजय दर्डा राज्यसभेत काँग्रेसचे खासदार होते, राजेंद्र दर्डा राज्यात मंत्री होते. 2014 मध्ये नेटवर्क 18 रिलायन्सकडं गेलं. साम टीव्ही पुण्याच्या सकाळ समूहाची, म्हणजे प्रतापराव पवारांच्या घरची, आणि ते शरद पवारांचे धाकटे बंधू. टीव्ही 9 मराठीची कंपनी हैदराबादची, 2018 मध्ये तिथल्याच बांधकाम आणि पायाभूत सुविधांतल्या उद्योगपतींनी ती घेतली. एनडीटीव्ही 2022 च्या अखेरीस अदानी समूहाकडं गेली आणि 1 मे 2024 ला, महाराष्ट्रदिनी, एनडीटीव्ही मराठी सुरू झाली. कोल्हापूरच्या पुढारीचीही आता वाहिनी आहे. बाकीच्यांची नोंदणी कोणत्या कंपनीच्या नावावर आहे ते माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या परवानाधारक वाहिन्यांच्या यादीत मिळेल.

ही यादी वाचल्यावर बहुतेकांना वाटतं, कोडं सुटलं. मालक उद्योगपती किंवा राजकारणी, म्हणून बातम्या अशा. मलाही सांगलीत असताना असंच वाटायचं. पण डेस्कवर आठ वर्षं बसल्यावर दिसलं ते असं: मालकामुळं काही बातम्या गळतात हे खरं, पण सगळ्या वाहिन्या सारख्या दिसण्याचं कारण वेगळं आहे, आणि तुमच्या नळाची बातमी त्या दुसऱ्या कारणानं मेली.

गळणाऱ्या बातमीचं एक उदाहरण देतो. उसाचे पैसे, म्हणजे सरकारनं ठरवलेल्या किमान दरानं होणारी एफआरपी, कारखान्यानं 14 दिवसांत द्यायचे असा नियम आहे. एका कारखान्यानं पाच महिने बिलं थकवली होती. मी शेतकऱ्यांचे बाईट, म्हणजे कॅमेऱ्यासमोरचं बोलणं घेतलं, कागद घेतले, गेटवरचे व्हिज्युअल, म्हणजे चित्रण पाठवलं. मुंबईहून निरोप आला, "होल्ड." का, ते कोणी सांगितलं नाही. मला ते पंधरा दिवसांनी उमगलं, कारण दिवाळीच्या शुभेच्छा-जाहिरातींची जी यादी माझ्याच हातात वसुलीसाठी दिली होती, तिच्यात त्या चेअरमनसाहेबांचं नाव दुसऱ्या नंबरला होतं. हो, जिल्ह्यातल्या बातमीदारालाच जाहिराती आणायला लावतात. मालकाला त्या बातमीचा पत्ताही नसणार. त्याचा फोन यायची गरजच पडत नाही. मधल्या प्रत्येक माणसाला काय चालणार नाही ते ठाऊक असतं.

आता त्या दुसऱ्या कारणाकडं, म्हणजे आकड्यांकडं येतो. मराठी वृत्तवाहिनीसाठी प्रेक्षक महिन्याला रुपयाच्या आतबाहेर देतो किंवा काहीच देत नाही. सगळा डोलारा जाहिरातींवर, आणि जाहिरातीचा दर टीआरपीवर, म्हणजे वाहिनी किती जण बघतात त्या आकड्यावर. टीआरपी मोजते बार्क ही संस्था, 2015 पासून. निवडलेल्या घरांत टीव्हीला मीटर जोडतात. वाहिनीच्या आवाजात कानाला न ऐकू येणारी एक खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतं. घरातल्या प्रत्येकाला रिमोटवर आपापलं बटण असतं, बसताना दाबायचं, उठताना दाबायचं. 2020 च्या सुमारास देशात टीव्ही असलेली घरं अंदाजे 21 कोटी आणि मीटर 44,000 घरांत. महाराष्ट्र आणि गोवा मिळून एकच बाजार धरतात. त्यातली मराठी बातम्या बघणारी घरं किती उरली असतील याचा विचार तुम्हीच करा. 

आमच्याकडं गुरुवारी आकडे यायचे. मिनिटामिनिटाचा आलेख पडद्यावर लावायचे, आमची रेघ लाल, बाकीच्यांच्या वेगवेगळ्या रंगांच्या. एकदा रात्री नऊच्या बुलेटिनमध्ये सांगली जिल्ह्यातल्या दुष्काळी जत तालुक्याच्या पूर्व भागातल्या पाण्याच्या टँकरची बातमी आम्ही साडेतीन मिनिटं चालवली. चांगली बातमी होती. एक म्हातारी बाई रांगेत घागरीवर डोकं टेकवून झोपली होती, कॅमेरा तिच्यावर थांबला होता. पुढच्या गुरुवारी पाहिलं तर बरोबर त्या साडेतीन मिनिटांत लाल रेघ खाली आलेली, आणि दुसऱ्या एका वाहिनीची वर गेलेली, कारण तिथं दोन पक्षांच्या प्रवक्त्यांचं भांडण चालू होतं. कोणी कोणाला बोललं नाही. बैठक पुढं सरकली. फक्त त्यानंतर टँकरची बातमी आली की तिला सुपरफास्टमध्ये, म्हणजे झटपट बातम्यांत, दहा सेकंद मिळायला लागली आणि नऊ वाजता आम्हीही दोन प्रवक्ते बसवायला लागलो. प्रत्येक वाहिनीत त्याच गुरुवारी तोच आलेख लागलेला असायचा. सगळे त्याच रेघेकडं बघून तेच शिकायचे. ती घसरण म्हणजे कदाचित मोजक्या घरांतल्या माणसांनी रिमोट दाबला एवढंच होतं. जतच्या पूर्व भागात मीटर असेल तरी त्या दिवसांत तिथं वीज किती तास असायची, हा प्रश्न त्या खोलीत कधीच निघाला नाही. मीही काढला नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

मोजणी इतक्या थोड्या घरांवर टेकलेली असली की ती वाकवायचा मोह होणारच. मीटरच्या घरांना पैसे देऊन ठरावीक वाहिन्या लावून ठेवायला सांगितल्याच्या आरोपावरून ऑक्टोबर 2020 मध्ये मुंबई पोलिसांनी गुन्हा दाखल केला. बार्कनं बातम्यांचे साप्ताहिक आकडे थांबवले, ते मार्च 2022 मध्ये परत सुरू झाले. खटला पुढं राज्य सरकारनं मागं घेतला. त्या सतरा महिन्यांत आकडे नव्हते, म्हणून बातम्या सुधारतील अशी मला भाबडी आशा होती. झालं उलटंच. गुरुवारचा आलेख गेला आणि त्याच्या जागी यूट्यूब लाईव्हवर या क्षणी किती जण बघतायत तो आकडा आला, आणि तो तर मिनिटामिनिटाला बदलतो. बार्कचे आकडे परत आल्यावरही तो आकडा गेला नाही. जून 2022 मध्ये शिवसेनेचे बंडखोर आमदार सुरतेहून गुवाहाटीला गेले तेव्हा हॉटेलच्या बंद गेटसमोरून आमचे प्रतिनिधी दिवस दिवस लाईव्ह होते. त्याच जूनमध्ये इकडं पाऊस लांबला होता, पेरण्या अडल्या होत्या. आमच्या रनडाऊनमध्ये, म्हणजे बुलेटिनच्या बातम्यांच्या क्रमवारीत, पेरणी चार दिवस खालून दुसऱ्या ओळीत होती.

स्पर्धेचा आणखी एक भाग प्रेक्षकाला दिसत नाही, तो वितरणाचा. सेट-टॉप बॉक्स सुरू केल्या केल्या जी वाहिनी आपोआप समोर येते, ती जागा विकली जाते. तिला लँडिंग पेज म्हणतात. तुम्ही चॅनल बदलेपर्यंत ती वाहिनी चालू असते आणि मोजणीत शिरू शकते. दूरसंचार आणि प्रसारणाचं नियमन करणाऱ्या ट्रायनं 2018 मध्ये याला आळा घालायचा प्रयत्न केला, पण त्या क्षेत्रातल्या टीडीसॅट या न्यायाधिकरणानं तो आदेश रद्द केला. बॉक्सवर पुढचा नंबर मिळवायला पैसे, केबलवाल्यांच्या जाळ्यात राहायला पैसे. एखाद्या जिल्ह्यात चांगला बातमीदार वर्षभर पोसता येईल इतका खर्च अशा जागांवर होतो.

आणि जिल्ह्यात? मी होतो तेव्हा बातमीमागं 200 रुपये मिळायचे, तेही बातमी चालली तर. सांगलीहून जत 80-90 किलोमीटर. मोटारसायकलचं पेट्रोलच निघायचं नाही. म्हणून आम्ही तिघं-चौघं मिळून एकजण जायचा आणि तेच व्हिज्युअल सगळ्या वाहिन्यांना पाठवायचा. माझ्या पिशवीत कधीकधी तीन वाहिन्यांचे बूम, म्हणजे वाहिनीचं नाव असलेले माईक असायचे. तुम्हाला सगळीकडं एकच चित्र दिसतं त्यात याचाही वाटा आहे. 2000 मध्ये ईटीव्ही मराठी आली तेव्हा बातम्या हैदराबादेत वाचल्या जायच्या, पण जिल्ह्याजिल्ह्यात त्यांचे बातमीदार होते. तालुक्याच्या बातमीला तेव्हा आजच्या चोवीस तासांच्या वाहिनीपेक्षा जास्त जागा होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

हे सगळं माझ्या जिवाला लागलं ते ऑगस्ट 2019 मध्ये. कृष्णेला पूर आला त्या आठवड्यात 5 तारखेला कलम 370 चा निर्णय झाला, 6 ला रात्री सुषमा स्वराज गेल्या. दोन्ही मोठ्या बातम्या, त्यांना जागा मिळणारच होती. पण सांगलीत पाणी चढत होतं. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी इशारा पातळी 40 फूट, धोक्याची 45. त्या वेळी पाणी 57 फुटांच्या वर गेलं. माझी आई गावभागात एकटी. तिनं फोन करून विचारलं, "अरे, तू बातम्यांत आहेस ना, पाणी अजून किती चढणार? मी वर जाऊ का बाहेर पडू?" माझ्यासमोर भिंतीवर पंधरा टीव्ही होते, हाताशी लाईव्हची सगळी यंत्रणा होती, आणि मला उत्तर देता आलं नाही. आमच्याकडं सांगलीचं एकच व्हिज्युअल होतं, तेच फिरवून फिरवून चाललं होतं.

शेवटी मी मोबाईलवर सांगलीच्या एका केबल वाहिनीचं फेसबुक पान उघडलं. एक पोरगा छत्री धरून तासातासाला पुलाची पातळी सांगत होता. कोयनेतून किती विसर्ग, कर्नाळ रोड बंद, सूर्यवंशी प्लॉट, दत्तनगर पाण्यात, कुठल्या शाळेत सोय केली आहे. आवाज फाटत होता, खाली खताच्या दुकानाची जाहिरात सरकत होती. मी आईला सांगितलं, लगेच नीघ. ती विश्रामबागला मावशीकडं गेली. दुसऱ्या दिवशी गल्लीत पाणी होतं. 8 तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटली, माणसं गेली, तेव्हा मुंबईच्या सगळ्या ओबी व्हॅन, म्हणजे थेट प्रक्षेपणाच्या गाड्या, सांगलीच्या रस्त्याला लागल्या. आमचीही.

त्या केबल वाहिन्यांनाही मालक आहेत, आणि बऱ्याच ठिकाणी तो मालक नगरसेवक, कारखानदार किंवा त्यांचा भाचा असतो. पालिकेत त्याचीच सत्ता असेल तर पाण्याची बातमी तिथंही अडेल. पण त्याचा प्रेक्षक त्याच गल्लीत राहतो, दुकानात भेटून जाब विचारतो. मुंबईच्या वाहिनीचा ज्याला तसा जाब विचारता येईल असा माणूस तुमच्या गावात कोणी नाही, एक स्ट्रिंगर सोडला तर, आणि त्याच्या हातात काही नसतं.

म्हणून तुमच्या पाण्याच्या बातमीसाठी मुंबईला मेल पाठवत बसू नका. पाणी कोणत्या तारखेपासून नाही, टाकी कोणती, पालिकेला अर्ज कधी दिला, त्याची पोच, एवढं एका कागदावर लिहून ठेवा. मोबाईल आडवा धरून कोरड्या नळाचा आणि रांगेचा दोन मिनिटांचा व्हिडिओ घ्या, बोलणाऱ्याचा चेहरा आणि आवाज नीट येऊ द्या. जिल्हा कोणता ते खाली लिहा. बहुतेक जिल्ह्यांत माझ्या जुन्या ओळखीचं कोणीतरी अजून कॅमेरा घेऊन फिरतंय, मी आजच फोन करतो.