एनएची सूट, झुडपीचा शेरा आणि बयाण्याची घाई

“अकृषिकची कटकट गेली, आता कुठंही ले-आऊट पाडा” हे वाक्य सध्या जमीन-प्लॉटबद्दल विचारणाऱ्या वाचकांच्या जवळपास प्रत्येक पत्रात असतं. (अकृषिक किंवा एनए म्हणजे शेतजमीन शेतीशिवाय दुसऱ्या कामाला वापरायची परवानगी.) वेगवेगळी उत्तरं लिहिण्याऐवजी निवडक प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

प्रश्न (सेलू, जि. वर्धा): घर बांधायला एनए परवानगी लागत नाही म्हणतात. खरं का?

अर्धं खरं. जमीन महसूल संहितेच्या कलम 42-अ ते 42-ड मध्ये सूट दिली गेली, पण ती विकास योजना किंवा प्रादेशिक योजनेतल्या मंजूर वापरासाठी आणि गावठाणापासून 200 मीटरच्या आत निवासी वापरासाठी. हे 200 मीटर गावठाणाच्या हद्दीपासून मोजतात, वस्तीतल्या शेवटच्या घरापासून नाही. सरकारी भरणा, वर्ग-2 चा (सरकारी परवानगीशिवाय विकता न येणाऱ्या जमिनीचा) नजराणा आणि बांधकाम परवानगी या गोष्टी आपल्या जागी आहेत. ही सूट योग्यच झाली. गावाला लागून असलेल्या शेतात दोन खोल्या बांधायला माणसाला महिनोन् महिने तहसीलच्या पायऱ्या झिजवायला लावणं चूक होतं.

प्रश्न (मौदा, जि. नागपूर): तीन गुंठ्यांचा प्लॉट घेतोय. तुकडेबंदी उठली, असं एजंट सांगतो.

शेतीच्या पट्ट्यात उठलेली नाही. तिथे जिरायत 20 आणि बागायत 10 गुंठ्यांपेक्षा लहान तुकडा पाडून विकायला बंदी आहे. जुने तुकडे नियमित करण्याचं शुल्क बाजारमूल्याच्या 25 टक्क्यांवरून 5 वर आलं, मग माफ झालं आणि प्रत्येक वेळी एजंटांनी दिवाळी केली. तुकडा नियमित झाला तरी ले-आऊट मंजूर होत नाही. रस्ता नाही, नाली नाही. नोटरीच्या कागदावर तर मालकीच येत नाही. आधी झोन दाखला (योजनेत ती जागा कोणत्या वापराची आहे त्याचा) काढा, वकिलाला दाखवा, मग पुढचं.

प्रश्न (सिंदेवाही, जि. चंद्रपूर): गटावर ‘झुडपी जंगल’ असा शेरा आहे, पण जागेवर एकही मोठं झाड नाही. विकणारा म्हणतो, अर्ज केलाय, शेरा निघतो. बयाणा (इसार) द्यावा का?

देऊ नका. हाच प्रश्न सर्वात जास्त येतो, म्हणून सविस्तर लिहितो.

मध्य प्रांताच्या काळापासून ही झुडपी जमीन गावाच्या निस्तारासाठी, म्हणजे गुरं चारायला आणि जळतण आणायला राखलेली. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून वादातली अशी जमीन 86,409 हेक्टर भरते. 22 मे 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने, वन कशाला म्हणायचं याबद्दलच्या आपल्याच 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाच्या आधारे, हे वनच आहे असं ठरवलं. झाड दिसतं की नाही, यावर आता वाद नाही.

लोक घोळ घालतात तो पुढच्या दोन मुद्द्यांवर. 12 डिसेंबर 1996 पूर्वी सक्षम अधिकाऱ्याने दिलेल्या जमिनींसाठी राज्याने केंद्राकडे वनाच्या यादीतून वगळण्याचा प्रस्ताव पाठवायचा आहे. ही वाट सरकारी वाटपाला आहे, तुमच्या विकणाऱ्याच्या अर्जाला नाही. दुसरं, वनाला लागून नसलेले 3 हेक्टरखालचे तुकडे. ते “मोकळे झाले” अशी बाजारात हूल आहे. निकाल बरोबर उलटा आहे: ते संरक्षित वन म्हणून घोषित करायचे आहेत. शेरा काढणं पटवाऱ्याच्या हातात नाही, तहसीलदाराच्याही नाही.

आज सातबारा कोरा दिसला तरी हुरळून जाऊ नका. जुने सातबारे, 1954-55 चा अधिकार अभिलेख, मिसल बंदोबस्त (इंग्रजांच्या काळातली जमीन नोंद) आणि निस्तार पत्रक (गावाच्या निस्तार हक्कांची नोंद) यांच्या नकला काढा आणि उपवनसंरक्षकांच्या कार्यालयाकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी “काही हरकत नाही” याला किंमत शून्य.

आणि “पडीक बरड आहे, कुणाच्या काय कामाची?” हे ऐकून कान किटले. पळस, बोर, भराटी आणि गवत असलेल्या मुरमाड उतारावर पावसाचं पाणी थांबत थांबत मुरतं. तोच उतार जेसीबीने साफ केला की पाणी मातीसकट थेट खालच्या शेतात उतरतं. रोही (नीलगाय) आणि रानडुकरांचा आडोसा मोडतो, मग ते तुरीत आणि हरभऱ्यात येतात. नुकसान होतं ते खालच्या शेतकऱ्याचं, प्लॉट विकणारा तोवर पुढच्या गावात पोचलेला असतो.

प्रश्न (साकोली, जि. भंडारा): माझ्या गटातली बोडी (छोटं तळं) बुजवून प्लॉट करता येतील का?

बोडी तुमची असली तरी पाणी एकट्याचं असेलच असं नाही. निस्तार पत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावातल्या रूढ हक्कांची नोंद) यांत खालच्या बांध्यांचा (धानाच्या खाचरांचा) हक्क नोंदलेला असू शकतो. शिवाय सांडवा बंद झाला की पाणी शेजारच्याच्या पऱ्ह्यांत (धानाच्या रोपांत) घुसतं. बोडीतल्या गाळावर नुसता मुरूम लोटला तर भरण असमान बसतं आणि भिंती तडकतात. मुरमालाही गौण खनिजाची परवानगी लागते. विनापरवाना उत्खननाला बाजारमूल्याच्या पाचपटीपर्यंत दंड आहे. तहसील आणि पाटबंधारे दोन्हीकडे विचारल्याशिवाय फावडं लावू नका.

प्रश्न (आर्वी, जि. वर्धा): स्वतःच्या धुऱ्यावरचं (बांधावरचं) सागवान तोडायला परवानगी कशाला?

सागवान 1964 च्या वृक्षतोड कायद्यातला अनुसूचित वृक्ष आहे म्हणून. वाहतुकीचा पास वेगळा. धुऱ्याची मोजणी आधी करून घ्या, म्हणजे झाड कुणाचं ते ठरेल. ठेकेदार “परवानगी माझ्याकडे आहे” म्हणाला तर आदेशाची प्रत मागा आणि त्यातला गट क्रमांक व झाडांची संख्या स्वतः ताडून पाहा.