कायद्याविरुद्ध कामगार काम थांबवतात, तो संप की हरताळ?

प्रश्न असा आहे : ९ जुलै २०२५ रोजी श्रमसंहितांविरुद्ध, म्हणजे केंद्र सरकारच्या नव्या कामगार कायद्यांविरुद्ध, देशभर काम थांबलं, त्याला कुणी 'संप' म्हटलं, कुणी 'हरताळ', कुणी 'बंद'. मागणी मालकाकडे नव्हती, सरकारकडे होती. मग 'संप' म्हणणं चूक नाही का?

माझ्या मते 'संप'च बरोबर. हरताळ हा बाजारपेठेतला शब्द. संस्कृतात 'हट्ट' म्हणजे दुकान, त्याला ताळं (टाळं) ठोकणं. रौलट कायद्याविरुद्ध ६ एप्रिल १९१९ ला हरताळ झाला, तेव्हा दुकानदारांनी आपापली दुकानं मिटली. ('हरताळ फासणे' मधला हरताळ निराळा. ते पिवळं खनिज, पोथीतलं चुकलेलं अक्षर झाकायला वापरत.) गिरणीची किल्ली कामगाराकडे नसते. ताळं मालक लावतो आणि त्याला आपण टाळेबंदी म्हणतो.

'संप' मात्र मुळात एकोपा. गुजरातीत आजही 'संप त्यां जंप' म्हणतात : एकी तिथे शांती. मराठीत तो अर्थ मागे पडला, तरी क्रियापदाने तो धरून ठेवलाय. हरताळ पाळतात, संप फोडतात. एकजूट असल्याशिवाय फोडणार काय?

आणि मालकाविरुद्ध की सरकारविरुद्ध, ही वाटणी गिरणगावाने कधी मानलीच नाही. १९०८ साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली, तेव्हा गिरणी कामगार सहा दिवस कामावर गेले नाहीत. ७ नोव्हेंबर १९३८ चा मुंबईतला एक दिवसाचा संप तर थेट औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध होता. समेटाची ठरलेली प्रक्रिया पुरी होण्याआधी काम थांबवणं त्या विधेयकाने बेकायदा ठरवलं होतं, म्हणून कामगारांनी त्याला 'काळा कायदा' म्हटलं. डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्या दिवशी एकत्र होते. विधिमंडळात डॉ. आंबेडकरांनी मांडलेला मुद्दा आजही अंगावर काटा आणतो : काम सोडणं हा फार तर करारभंग, त्याला गुन्हा ठरवून माणसाला मनाविरुद्ध राबायला लावणं म्हणजे त्याला गुलाम करणं.

१८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या मुंबईच्या गिरणी संपातही पगारवाढीबरोबर १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा रद्द करा, ही मागणी होती. त्या कायद्याने एका उद्योगात एकाच युनियनला प्रतिनिधित्व दिलं होतं आणि कामगार तर दुसऱ्याच युनियनच्या नेत्याच्या, दत्ता सामंतांच्या, मागे उभे होते. एकी कुणाशी करायची हेसुद्धा कायदाच ठरवणार, याचा तो राग होता.

त्याच श्रमसंहितांपैकी एक असलेल्या २०२० च्या औद्योगिक संबंध संहितेतली 'संप' या शब्दाची व्याख्याही पाहण्याजोगी आहे. निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी नैमित्तिक रजा घेतली, तर तोही संप. एकट्याने घेतली तर ती नुसती रजा.

'बंद' बातमीत लिहायला हरकत नाही, कारण त्यात रस्ते, दुकानं, वाहतूक सगळंच येतं. पण कामगारांपुरतं लिहायचं असेल तर 'श्रमसंहितांविरुद्ध संप' असंच लिहा.