तत्त्वज्ञांची नीतिशास्त्रावरची जाहीर व्याख्यानं ऐकून जगण्यात काही फरक पडतो का? सुरुवात कुठून करावी?

पडतो. 'ऐकायला बरं वाटतं, पुढे काय?' असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. हे अगदी माझ्या दादाचं वाक्य आहे, म्हणून मुद्दाम लिहायला बसले.

बाबा आजारी असताना माझ्याकडे होते. दादा दर महिन्याला पैसे पाठवायचा, तेही वेळेवर. पण त्याला प्रत्येक बिलाचा फोटो लागायचा. रात्री सोबतीला येणाऱ्या बाईंना रोख दिले की 'त्यांची सही कुठाय?' हळूहळू मी ज्याचं बिल मिळतं तेच आणायला लागले. बाबांना हवी असलेली एखादी वस्तू पावतीशिवाय मिळत असेल, तर ती टाळायची. उगाच फोनवर उलटतपासणी कोण देणार? संध्याकाळी बाबांजवळ बसायच्या वेळेला मी वही लिहीत बसायचे. वही मात्र चोख होती हो!

त्याच काळात ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांची २००२ सालची रीथ व्याख्यानं ऐकली. बीबीसी रेडिओची ही व्याख्यानमालिका १९४८ मध्ये तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलपासून सुरू झाली. ओनीलबाईंचा विषय होता विश्वास. त्यांचं म्हणणं असं की, संस्थांवरचा विश्वास उडालाय म्हणून तपासण्या, उद्दिष्टं, अहवाल वाढवत नेले, तर माणसं जे मोजलं जातं त्यासाठी राबू लागतात आणि मूळ काम मागे पडतं. एवढं करून संशय काही कमी होत नाही. मी थक्क झाले. माझी वही कुणीतरी वाचली होती जणू.

दादाला ते पाठवलं. त्याचं उत्तर: 'रेडिओवर बोलायला काय जातं? चांगलं-वाईट आईवडील शिकवतात, त्याला प्राध्यापक कशाला?' आजही चार नातेवाईक जमले की तो हेच ऐकवतो. अरे, आईबाबांनी चोरी करू नये हे शिकवलं. चोरी न करणाऱ्याकडे रोज हिशेब मागितला की त्याचं काय होतं, हे त्यांनी कुठे शिकवलं? कुणीतरी बसून तो विचार करावाच लागतो.

व्याख्यानातून हुकूम मिळेल अशी आशा असेल, तर जाऊ नका. फ्रेंच तत्त्वज्ञ सार्त्रने १९४५ च्या पॅरिसमधल्या व्याख्यानात एका विद्यार्थ्याचा किस्सा सांगितला होता: एकट्या आईजवळ राहू की लढायला जाऊ? सार्त्रचं उत्तर, तू स्वतंत्र आहेस, तूच निवड. दादाच्या मते ही टाळाटाळ. माझ्या मते दुसऱ्याच्या आईबद्दल याहून जास्त बोलण्याचा अधिकार कुणाला नसतो. आणि दुरून बोलणाऱ्याला तर नाहीच.

सुरुवात ओनीलपासूनच करा, नाहीतर अमेरिकन तत्त्वज्ञ मायकेल सँडेलच्या न्यायावरच्या वर्गापासून. ध्वनिमुद्रणं सहज सापडतात. तत्त्वज्ञ विटगेनश्टाइनचं १९२९ चं नीतिशास्त्रावरचं व्याख्यान छोटं आहे म्हणून आधी उघडू नका, फसाल.

एक सांगायचं राहिलं. ओनील संस्थांबद्दल बोलत होत्या, भावाबहिणींबद्दल नाही. आणि हिशेब नकोच असंही त्यांचं म्हणणं नाही. ज्याला ते काम कळतं त्याने समजून घेऊन विचारावं, एवढंच. हा मुद्दा दादाला माझ्याविरुद्ध छान वापरता आला असता. पण त्यासाठी त्याला आधी व्याख्यान ऐकावं लागेल.